शैवालाच्या सांडपाण्यातून हायड्रोजन काढू, मिथेन काढू, का नुसतं पाणी निस्तरू?

गेल्या महिन्यात एका रविवारी भाचा मुलुंडला घरी आला आणि आल्या आल्या ओट्यावर लोणच्याची बरणी ठेवली. मला वाटलं ताईने कैरीचं पाठवलंय. झाकण उघडलं आणि अख्ख्या घरात तो वास. पाणी कडक काळ्या चहासारखं, आणि वास म्हणजे करपलेले शेंगदाणे, त्यात कुणीतरी सुक्या बोंबलाचा डबा उघडा ठेवलाय आणि वरून पार्लरमधला हेअर कलरचा अमोनिया. आमच्या ह्यांनी काही न बोलता सगळ्या खिडक्या उघडल्या.

भाचा आणि त्याचा पार्टनर ठाणे-बेलापूर पट्ट्यात एक पायलट चालवतात, शैवालापासून कच्चं तेल, म्हणजे बायोक्रूड. शैवाल वाळवायचं नाही, ओलंच घ्यायचं, शंभरात वीस भाग शैवाल आणि बाकी पाणी असा घट्ट रस्सा करून साधारण ३५० डिग्री आणि २०० बारला शिजवायचा. प्रेशर कुकरच, फक्त शिट्टी झाली तर पळायचं. अमेरिकेत पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबने (पुढे पीएनएनएल म्हणते) २०१३ साली हेच करून दाखवलं, ताशी दीड लिटर रस्सा घेऊन. तेल वर येतं, थोडा गॅस सुटतो, थोडी राख खाली बसते आणि उरतं ते हे बरणीतलं पाणी. तेलाचं सगळे बोलतात. पाण्याचं कुणी बोलत नाही, आणि मी बावीस वर्षं ईटीपीमध्येच (कारखान्याचं सांडपाणी साफ करायचे प्लांट) घालवल्यामुळे लोक मला पाण्याचंच विचारतात.

प्रश्न सरळ होता, "मावशी, ह्यातून हायड्रोजन काढायचा, का बायोगॅस, का सरळ टँकर बोलावून देऊन टाकायचं?" मी म्हटलं आधी चहा घे, मग वही काढ. त्या वहीतला हिशोब इथे टाकतेय, कारण हाच प्रश्न आणखी दोघांनी विचारलाय आणि प्रत्येकाला फोनवर तास तास सांगणं आता जमत नाही.

पाण्यात आहे तरी काय

त्यांच्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण संपवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास येतो. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी, नदीनाल्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे २४० पट. आत ॲसेटिक ॲसिड आहे, फिनॉल आहेत, आणि शैवालात प्रोटीन भरपूर म्हणून पिरिडीन, पायराझीन अशी नायट्रोजनवाली मंडळी आहेत (तो शेंगदाण्याचा वास पायराझीनचा, शेंगदाणे भाजताना पण तीच तयार होतात). शिवाय लिटरला काही ग्रॅम अमोनिया, आणि अमोनियाकल नायट्रोजनची मर्यादा आहे ५० मिलिग्रॅम.

आता ह्या सीओडीकडे घाण म्हणून न बघता इंधन म्हणून बघा. एक किलो सीओडी पूर्णपणे मिथेन झाला तर २५० ग्रॅम, म्हणजे ०.३५ घनमीटर. पूर्णपणे हायड्रोजन झाला तर १२५ ग्रॅम, म्हणजे १.४ घनमीटर. ह्याच्या वर कुठलीही टेक्नॉलॉजी जाऊ शकत नाही, हे साधं केमिस्ट्रीचं गणित आहे, त्यामुळे कुणी ब्रोशरमध्ये जास्त दाखवलं तर ब्रोशर परत द्या.

त्यांचा प्लांट दिवसाला एक टन रस्सा घेतो. म्हणजे २०० किलो शैवाल, त्यातून ८० किलो तेल धरा, आणि हिशोबाला सोपं म्हणून हजार लिटर पाणी धरा, त्यात ६० किलो सीओडी. जास्तीत जास्त साडेसात किलो हायड्रोजन. आणि गंमत अशी की त्या ८० किलो तेलातला ऑक्सिजन-नायट्रोजन काढून ते डिझेलच्या लायकीचं करायला तेलाच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के हायड्रोजन लागतो, म्हणजे अडीच ते चार किलो. म्हणजे तेल सुधारायला लागणारा हायड्रोजन त्याच्याच सांडपाण्यात बसलाय! भाच्याचे डोळे इथेच चमकले, त्याचा पार्टनर तर म्हणे लगेच प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड टाकून मोकळा. माझी पुढची सगळी वटवट ती स्लाइड जमिनीवर आणण्यासाठी होती.

सुपरक्रिटिकल गॅसिफिकेशन, म्हणजे हायड्रोजनवाला राजमार्ग

पाणी ३७४ डिग्री आणि २२१ बारच्या वर गेलं की ना धड पाणी राहतं ना धड वाफ, आणि सेंद्रिय पदार्थ त्यात सहज विरघळतात. आणखी वर ६०० डिग्रीपर्यंत नेलं की ते फुटतात आणि पाण्याशीच रिॲक्शन करून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, थोडा मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड देतात. पाणी इथे नुसतं सोबतीला नाही, ते स्वतःचा हायड्रोजन देतं. ॲसेटिक ॲसिडचा एक रेणू आणि पाण्याचे दोन मिळून चार हायड्रोजन आणि दोन कार्बन डायऑक्साइड. टेम्परेचर जास्त आणि पाणी पातळ असेल तर पारडं हायड्रोजनकडे झुकतं, टेम्परेचर कमी आणि माल घट्ट असेल तर मिथेनकडे. म्हणून पातळ सांडपाण्यातून हायड्रोजन ही कल्पना कागदावर एकदम चपखल बसते.

हे काही काल आलेलं नाही. एमआयटीत मायकल मोडेलने १९७० च्या दशकात सुरुवात केली, हवाई विद्यापीठात मायकल अँटलने पुढे कोळशाचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) वापरून बघितला, जर्मनीत कार्ल्सरूहला व्हेरेना नावाचा ताशी १०० किलोचा पायलट २००३ पासून आहे. पन्नास वर्षं झाली, तरी तुमच्या-माझ्या ओळखीत कुणाकडे हा प्लांट का नाही, हा प्रश्न विचारायला हवा ना?

उत्तर आहे उष्णता. एक लिटर पाणी खोलीच्या टेम्परेचरपासून २५० बारला ६०० डिग्रीपर्यंत न्यायला साधारण ३.४ मेगाज्यूल लागतात. आणि त्याच लिटरमधल्या ६० ग्रॅम सीओडीतून मिळणारा सगळाच्या सगळा हायड्रोजन जाळला तरी ०.९ मेगाज्यूल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, इथे तर प्रमाण त्याहून वाईट. म्हणजे बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याकडून उष्णता परत घेऊन आत येणाऱ्याला द्यायची, आणि ती पाऊणपट परत मिळाली तर कुठे बरोबरी. भाचा म्हणाला पण मावशी आमचं पाणी रिॲक्टरमधून ३५० डिग्रीलाच बाहेर येतं की, ते गरमच घेऊ, मग अर्धंच काम उरतं. अरे बाबा, ती उष्णता तू आधीच तुझा रस्सा गरम करायला वापरतोयस, एकच खोली दोन भाडेकरूंना कशी देशील.

दिवसाचे हजार लिटर म्हणजे ताशी ४२ लिटर, त्याचा हिशोब केला. ८० टक्के उष्णता परत मिळाली (छोट्या प्लांटला हे सुद्धा खूप झालं) तरी हीटरला सतत ८ किलोवॅट, दिवसाला १९२ युनिट. गळती, अर्धवट रिॲक्शन वगैरे धरून हायड्रोजन हातात पडेल साडेचार किलो. किलोमागे ४० च्या वर युनिट. साधा इलेक्ट्रोलायझर नळाच्या पाण्यातून किलोला ५० ते ५५ युनिट घेतो! म्हणजे एवढा उपद्व्याप करून वीज थोडीशीच वाचली. फक्त फरक असा की ह्यात पाणी पण साफ होतं, आणि तो फरक लहान नाही, त्याच्याकडे येतेच.

ह्याच गणितात सीओडी ६० च्या जागी १२० टाका, उष्णता तेवढीच लागते आणि गॅस दुप्पट, किलोला २१ युनिट. म्हणून मी त्याला म्हटलं, तुझं यश कॅटॅलिस्टवर नाही, पाणी किती घट्ट करून देतोस त्याच्यावर आहे. तेच पाणी पुढचा रस्सा कालवायला परत परत वापरलं तर सीओडी चढतो, पण नायट्रोजन पण चढतो आणि थोडा तेलात जाऊन बसतो. फुकट काही नाही.

एक जमेची बाजू लोक विसरतात. गॅस बाहेर येतो तोच २०० बारच्या वर, कॉम्प्रेसर नको. आणि एवढ्या दाबाखाली गार केलं की कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी पाण्यात विरघळून राहतो, हायड्रोजन फारसा विरघळत नाही, त्यामुळे वर उरलेला गॅस आपोआप हायड्रोजनने श्रीमंत होतो. रिॲक्शनच्या हिशोबाने हायड्रोजन दोन तृतीयांशाच्या फार वर जाऊ शकत नाही, पण दाब सोडायच्या आधी गॅस वेगळा काढला तर टक्का आणखी चढतो. हे डिझाइन करताना सेपरेटर कुठे ठेवायचा ते नीट बघा, दाब सोडून मग गॅस वेगळा केलात तर ही सगळी मजा गेली.

आणि आता मीठ. साध्या गरम पाण्यात मीठ विरघळतं, सुपरक्रिटिकल पाण्यात विरघळत नाही. जिथे पाणी ३७४ ओलांडतं बरोबर तिथे सगळे क्षार बाहेर पडतात आणि पाइपला चिकटतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, बरीच वर्षं झाली, एका ठिकाणी (नाव घेत नाही) छोटी रिग होती, पाव इंची ट्यूब, दुपारी अडीचला प्रेशर हळूहळू चढायला लागलं, ऑपरेटर म्हणाला मॅडम पंप जोरात मारतोय, मी म्हटलं बंद कर, तो स्विचपर्यंत पोचेपर्यंत रप्चर डिस्क (दाब फार चढला की मुद्दाम फुटणारी चकती) फुटली. कुणाला काही झालं नाही, व्हेंट छपरावर काढलेला होता, पण छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली आणि चार गाळे पलीकडून माणूस विचारायला आला की मासळीचा ट्रक उलटला का. दुसऱ्या दिवशी ट्यूब कापली तर आत खडूसारखा पांढरा कडक गोळा, इतका गच्च की सुई जाईना. शैवालात पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम सगळं असतं, त्यामुळे रिॲक्टरच्या आधी सॉल्ट सेपरेटर नसेल तर कोटेशन वाचू पण नका.

दुसरं एक बारीक. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड गॅस लाइनमध्ये गार झाले की अमोनियम बायकार्बोनेटचे पांढरे खडे जमतात, बेकरीवाले बिस्किटात घालतात तोच अमोनिया. व्हॉल्व उघडा-बंद होईना झाला की आधी तोच संशय घ्या, कोमट पाण्याने निघतो.

मिथेनवाली धाकटी बहीण

ह्याच पाण्याला ३५० डिग्रीच्या आसपासच ठेवून रुथेनियमचा कॅटॅलिस्ट दिला तर गॅस होतो, पण मिथेनचा. साधारण ६० टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन अगदी चिमूटभर. पीएनएनएलच्या त्या २०१३ च्या कामात तेलाच्या मागे हेच जोडलं होतं, आणि स्वित्झर्लंडमध्ये पॉल शेरर इन्स्टिट्यूटने पण ह्या प्रकारावर बरंच काम केलंय.

लिटरला ३.४ च्या जागी दीड-दोन मेगाज्यूल उष्णता लागते. तेलाच्या रिॲक्टरचं आणि ह्याचं टेम्परेचर-प्रेशर जवळपास सारखं, म्हणजे मशीन एका घराण्यातलं, पाणी गार न करता पुढे ढकलता येतं. सीओडी पण मस्त उतरतो. माझं खरं मत विचाराल तर इंजिनियरच्या नजरेने ही सगळ्यात समजूतदार जोडणी आहे.

पण सल्फर. रुथेनियमला सल्फर चालत नाही, आणि शैवालाच्या प्रोटीनमध्ये सल्फर आहेच. आधी रॅनी निकेलचा गार्ड बेड लावतात, तो सल्फर खातो आणि मरतो, तो बदलायचा खर्च धरावाच लागतो. रुथेनियमचं बिल बघून पार्टनरचा चेहरा कसा झाला ते भाच्याने नक्कल करून दाखवलं. आणि हातात येतो मिथेन. तेल सुधारायला हायड्रोजनच हवा असेल तर मिथेनवर परत ८०० डिग्रीचा रिफॉर्मर, एक किलो मिथेनमधून कागदावर अर्धा किलो हायड्रोजन, आणि एवढ्या छोट्या साइजचा रिफॉर्मर घेणं म्हणजे डास मारायला तोफ.

पण गॅस जाळायचाच असेल तर मिथेन बरा. हायड्रोजन घनमीटरला साधारण ११ मेगाज्यूल देतो, मिथेन ३६. तुमचा बर्नर, लाइन, मीटर सगळं मिथेनच्या हिशोबाचं असतं. इथे एक सांगायचा मोह होतो, मुंबईला हायड्रोजनवाला गॅस काही नवा नाही. लालबागला गॅस कंपनी लेन आहे ना, तिथली बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळसा भाजून गॅस करायची, आणि कोळशाच्या गॅसमध्ये जवळपास निम्मा हायड्रोजनच असतो. आमच्या आजेसासूबाई गिरगावात त्याच्यावर पुरणपोळ्या लाटून भाजायच्या. तेव्हा कुणी त्याला ग्रीन म्हणत नव्हतं आणि नव्हताच.

बायोगॅस डायजेस्टर, गरीब पण आपला

डायजेस्टर म्हणजे बंद टाकी, जंतू आत घाण खातात आणि मिथेन सोडतात. मुंबईत त्याला एक फायदा आहे जो युरोपातल्या पेपरमध्ये दिसत नाही. इथे जानेवारीत सुद्धा पाणी कोमट असतं आणि जंतूंना ३५ डिग्री हवे, हीटर जवळपास लागतच नाही. टाकी, पंप, फ्लेअर, गॅस फुगा. ऑपरेटर मिळतात, स्पेअर मिळतात, बिघडलं तर फोन केल्यावर माणूस येतो. ह्या शेवटच्या गोष्टीची किंमत रात्री दोन वाजता कळते.

वाईट बाजू अशी की हे पाणी जंतूंना मानवत नाही. अमोनिया जास्त, फिनॉल, पिरिडीन, सगळंच जंतूंच्या मुळावर. सरळ टाकलं तर डायजेस्टर आठवड्यात आंबट होतो. पातळ करून, आधी अमोनिया उडवून (स्ट्रिप करून), हळूहळू सवय लावून, साधारण निम्मा सीओडी मिथेन होतो असं धरा. म्हणजे दिवसाला साडेदहा घनमीटर मिथेन, म्हणजे सव्वाआठ किलो एलपीजीएवढी ऊर्जा, १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर सव्वादोन दिवसांत संपेल एवढी. कँटीन आणि थोडं गरम पाणी निघेल. कंपनी नाही निघणार.

आणि उरलेला निम्मा सीओडी, लिटरला ३० ग्रॅम, तो अजून तुमच्याच दारात आहे! लोक इथे फसतात. डायजेस्टर म्हणजे ट्रीटमेंट झाली असं नाही, अर्धी झाली. सुपरक्रिटिकलचा खरा मुद्दा इथे येतो, तिथे नीट चाललं तर पाण्यात सेंद्रिय फारसं उरत नाही, उरतो अमोनिया आणि क्षार, आणि ते पाणी परत शैवालाच्या तळ्यात खत म्हणून जाऊ शकतं. कच्चं पाणी तळ्यात टाकायचं तर शेकडो पट पातळ करावं लागतं, नाहीतर शैवालच मरतं.

बाकीचे दोन, पटकन

मायक्रोबियल इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे जंतू इलेक्ट्रोडवर बसून सीओडी खातात आणि वरून थोडा करंट दिला की दुसऱ्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन. २००५ ला पेन स्टेट आणि वागेनिंगेन दोन्हीकडून आलं. ०.८ व्होल्टला किलोला २१ युनिट, बघायला सुंदर. कॅलिफोर्नियात नापाला एका वाइनरीच्या पाण्यावर हजार लिटरचा पायलट लावला होता, २०११ ला निकाल छापून आला, आणि गॅसमध्ये निघाला बहुतेक मिथेन, ८६ टक्के. हायड्रोजन दुसऱ्या जंतूंनी वाटेतच गट्टम केला होता. वाइनरीच्या गोड पाण्याचं हे झालं, आपल्या बरणीचं काय होईल. पीएचडी करायची असेल तर जरूर करा.

ॲक्वियस फेज रिफॉर्मिंग, विस्कॉन्सिनच्या जेम्स ड्युमेसिकच्या ग्रुपचं, २००२ चं. प्लॅटिनमवर २२५ ते २६५ डिग्रीला, वाफ न करता हायड्रोजन. ग्लिसरीन, ग्लायकॉलसाठी झकास. आपल्या पाण्यातलं ॲसेटिक ॲसिड मिथेनकडे जातं आणि नायट्रोजनवाले प्लॅटिनमवर चिकटून बसतात. सध्या नको.

कुणी म्हणेल सगळं सोडा, एमईई आणि एटीएफडी (पाणी उकळून घट्ट करणारं आणि मग सुकवणारं यंत्र) लावून सुकवून टाका. आपल्याकडे ह्या गोष्टीचं उत्तर एमईई असंच असतं, मी स्वतः दहा ठिकाणी लावलेत. पण इथे अमोनिया उडतो, ॲसेटिक ॲसिड ११८ ला उकळतं, पिरिडीन ११५ ला, म्हणजे बरंचसं वाफेबरोबर वर जाऊन कंडेन्सेटमध्येच बसतं. ज्या पाण्यापासून पळायचं तेच गाळून हातात, आणि ते पण वासासकट. आगीतून फुफाट्यात.

टँकर? दिवसाला हजार लिटरला, खरं सांगू, पायलट चालू आहे तोवर टँकरसारखं स्वस्त काही नाही. अधिकृत ठिकाणी जातो, मॅनिफेस्ट (माल कुठे पोचला त्याचा कागद) येतं, पावत्या फाइलला लावायच्या. सीईटीपीत (अनेक कारखान्यांचा सामायिक ईटीपी) एवढा सीओडी घेत नाहीत, त्यांच्या इनलेटला मर्यादा असतात, आणि गुपचूप पातळ करून सोडायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा.

हायड्रोजन ह्या शब्दाची किंमत

पार्टनरचं म्हणणं होतं की हायड्रोजन म्हटलं की गुंतवणूकदार ऐकून घेतात, बायोगॅस म्हटलं की जांभई देतात. खरंय. नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रीन हायड्रोजनची व्याख्या पण आली, एका किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइड. ग्रिडची वीज युनिटला साधारण ०.७ किलो सोडते, म्हणजे किलोमागे तीन युनिट ग्रिडची खाल्ली की कोटा संपला. आपण वर ४० मोजली! म्हणजे ग्रीन म्हणायचं असेल तर हीटर सोलरवर, किंवा स्वतःचाच गॅस जाळून, आणि स्वतःचाच जाळलात तर विकायला काय उरलं.

मिथेनला उलट गिऱ्हाईक तयार आहे. सीबीजीला (साफ करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) सरकारची 'सतत' (SATAT) नावाची योजना २०१८ पासून आहे, आणि शहर गॅस कंपन्यांना आता टक्केवारीने सीबीजी मिसळणं बंधनकारक होत चाललंय, २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. दिवसाला दहा घनमीटरसाठी कुणी पाइपलाइन जोडणार नाही हे उघड आहे, पण प्लांट शंभर पट झाला तर बाजार समोर उभा आहे.

आणि हायड्रोजन हवाच आहे तो किती? दिवसाला चार किलो. सात घनमीटरच्या सिलिंडरमध्ये साधारण ६०० ग्रॅम, म्हणजे सहा-सात सिलिंडर. किंवा छोटा इलेक्ट्रोलायझर, २२० युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर बावीसशे रुपये. ह्या बावीसशे रुपयांसमोर २५० बार, ६०० डिग्री, निकेल ॲलॉयचा रिॲक्टर, दोन शिफ्टचे ऑपरेटर आणि पेसोची (स्फोटक आणि दाबाखालच्या गॅसवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) परवानगी उभी करून बघा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के ह्यामध्ये कुठेही पेटतो आणि ज्योत दिवसा दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात, खाली ब्लाउजपीस पॅकिंगचं युनिट असताना, मी ह्यावर सही करणार नाही. तळमजला, उघडी शेड, छप्पर वरून मोकळं, तर बोलू.

मग मी त्याला काय सांगितलं

आत्ता, ह्या साइजला, टँकर आणि शेजारी २०० लिटरचा ट्रायल डायजेस्टर, जंतूंना सवय लागते का ते बघायला. तेल सुधारायला सिलिंडर. दिवसाला वीस-पंचवीस टनांच्या वर गेलात आणि पाणी १०० ग्रॅमच्या पुढे घट्ट करता आलं तर गॅसिफिकेशनची कोटेशन मागव, तेव्हा उष्णता परत घेणारा मोठा एक्स्चेंजर परवडतो आणि रोज टँकरच्या रांगा परवडत नाहीत. तेव्हा सुद्धा आधी ३५० डिग्रीचं मिथेनवालं बघ, आणि हायड्रोजनवालं फक्त तेव्हाच जेव्हा तेल सुधारायचं युनिट त्याच आवारात, भिंतीला भिंत लागून असेल. हायड्रोजन तिथल्या तिथे वापरला तर सोनं, ट्रकमध्ये घातला की निम्मी किंमत ट्रकची.

तो जरा हिरमुसला. मी म्हटलं स्लाइड राहू दे, फक्त "संभाव्य" असं लिही वर.

जाताना त्याला चाचण्यांची यादी दिली. सीओडी आणि अमोनियाकल नायट्रोजन तर आहेच, पण सल्फेट, फॉस्फेट आणि सगळ्यात आधी क्लोराइड. ६०० डिग्रीला क्लोराइड असला की चांगला निकेल ॲलॉय पण कुरतडला जातो, आणि मीठ चोक करतं ते वेगळंच. रिपोर्ट गेल्या मंगळवारी आला, क्लोराइड बऱ्यापैकी कमी, गोड्या पाण्याचं शैवाल म्हणून. मी खूश. तर संध्याकाळी त्याचा मेसेज, मावशी, पुढच्या प्लांटसाठी जागा बघतोय, अलिबागकडे, खाडीला लागून, गोडं पाणी महाग पडतं म्हणून समुद्राच्या पाण्यातलं शैवाल घ्यायचं ठरतंय. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ ग्रॅम. मी वही परत काढली आणि सुपरक्रिटिकलच्या पानावर आडवी रेघ मारून फोटो पाठवला, त्याने अजून बघितला नाहीये.